चार हजार हर्ट्झ

मार्गिलानच्या गिरणीमागे, तुतीच्या झाडाखाली
आमची गाडी आठवडाभर उभी आहे.
गाडीत एक खोका, माणूस मावेल एवढा.
भिंतींना आतून राखाडी स्पंज,
एक काच, एक स्टूल, वायरीला लटकलेलं लाल बटण.
मी काचेच्या अलीकडे बसून सूर सोडते.
ऐकू आला की बटण दाबायचं.
एवढंच.

सकाळपासून एकोणीस जणी झाल्या.
कुणी रुमाल सोडला,
कुणी कानातली काढून माझ्या हातात ठेवली
आणि जाताना विसरून गेली.
टेबलावर एक जोडी पडून आहे, फिरोजाची.
कागदावर प्रत्येकीची रेघ
हजारापर्यंत नीट चालते,
दोन हजारांपाशी ठेचकाळते,
चार हजारांवर खाली जाते,
हातातून दोर सुटलेल्या बादलीसारखी.
आठ हजारांवर पुन्हा थोडी वर.
आम्ही तिला खाच म्हणतो.
अहवालात ती टक्क्यांत जाईल.

विसावी होसियात.
एकतीस वर्षं माग.
संमतीपत्रावर बोट टेकवून म्हणाली,
"हे वरच्या ऑफिसात जाणार?"
नाव नाही जाणार, म्हटलं, नुसता क्रमांक. एकशे सतरा.
"गिरणीत तरी मला नावानं कोण हाक मारतं," ती म्हणाली,
"आणि मारली तर ऐकू कुणाला येते?"
आणि मोठ्यानं हसली,
मागावरच्या बायका हसतात तितक्या मोठ्यानं.

दार लावलं. सूर सोडला.
बटण.
कमी केला. बटण.
आणखी कमी,
इतका की माझ्याही कानांना नुसता संशय यावा.
बटण.
चार हजारांवरही तिचं बोट चुकेना.
रेघ सपाट, शाळकरी पोरीची असावी तशी.

चहा बाजूला ठेवून मी वायरी चाचपल्या.
मग तिची नजर पाहिली.
ती माझ्या डोळ्यांवर नव्हती, चष्म्यावर होती.
सूर सोडला की यंत्रावर हिरवा दिवा लागतो,
तांदळाच्या दाण्याएवढा.
तो माझ्या काचेत दिसत होता.
धोट्यांच्या खडखडाटात ओठ वाचून
लग्नं जमवणाऱ्या, मयताची बातमी देणाऱ्या,
कांद्याचा भाव विचारणाऱ्या बायका या.
त्यांना दिवा वाचणं काय अवघड?

मी चष्मा काढला.
सूर सोडला. वाढवला. पुन्हा वाढवला.
खोक्यात काही हललं नाही.
मग मी सगळं बंद केलं,
आणि तिनं बटण दाबायला सुरुवात केली.
टक्. टक्-टक्. टक्.
टक्. टक्-टक्. टक्.
डोळे मिटून, मान किंचित डोलवत.
मी काहीही सोडत नव्हते.
तिचा माग चालू होता.

बाहेर येऊन तिनं रुमाल बांधला, गाठ दोनदा घातली.
"कान गेले की गोदामात घड्या घालायला बसवतात," ती म्हणाली,
"निम्म्या पगारावर.
धाकटा ताश्कंदला आहे, दुसऱ्या वर्षाला."
मी काही विचारलं नव्हतं.

आता टेबलावर एकशे सतरा क्रमांकाच्या दोन रेघा.
पहिली पाठवली तर सरासरी सुधारते,
आणि कानात घालायची बोळकी मागणाऱ्यांना
वरून उत्तर येईल, कशाला हवीत?
दुसरी पाठवली तर...
क्रमांकाला चेहरा नसतो, असं आमच्या नियमात आहे.
एकतीस वर्षं मागावर असलेली बाई
या गिरणीत एकच आहे, हे नियमात नाही.

तिनं फिरोजाची जोडी उचलली.
"ओयनिसाची. देते तिला."
आणि पायऱ्या उतरून गेली.
ती तुतीपाशी पोचली तेव्हा मी हाक मारली,
होसियात ओपा.
पुन्हा मारली, जरा चढ्या आवाजात.
नळावर पाणी पिणारी पोरं वळली.
चौकीदार वळला.
ती चालत राहिली,
सावलीतून उन्हात,
पडलेल्या तुती चुकवत.

या चाचणीला मी तिची संमती घेतली नव्हती.

एकविसावी आत येऊन बसली आहे.
कानातली काढते आहे.
चष्मा अजून माझ्या हातात आहे.